किराण्याचे बिल दर महिन्याला फुगते? गोव्यातल्या स्वयंपाकघराची क्रमाने तपासणी

बाजारात भाव वाढले की घरात काटकसर सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. मुलांचे दूध कमी होते, पण अळसांद्यांना, म्हणजे चवळीला, भोके पडायची थांबत नाहीत. वाढलेल्या बिलात बाजारभावाचा वाटा किती आणि घरातल्या गळतीचा किती, हे आधी वेगळे करावे लागते. भाव आपल्या हातात नसतो, गळती मात्र असते. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते, त्यामुळे ही गळती घाटावरच्या घरांपेक्षा जास्त होते.

लक्षणे

- महिन्याचा म्हणून भरलेला किराणा २० तारखेच्या आसपास संपतो आणि उरलेले दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो असे आणावे लागते.
- जूननंतर तांदळात टोके (किडे) होतात, रव्याला जाळी लागते, अळसांदे-मुगाला भोके पडतात.
- कांद्याच्या सालीखाली काळी पूड दिसते, बटाट्याला कोंब येतात, कोथिंबीर तिसऱ्या दिवशी चिकट होते.
- किसलेले खोबरे फ्रीजमध्ये ठेवूनही आंबते.
- मे महिन्यात भरलेल्या मिरच्या मऊ पडतात, सुक्या बांगड्यांवर लालसर झाक येते.
- टोमॅटोचे झाड फुलावर आले की दोन दिवसांत उभेच्या उभे कोमेजते.

यातली दोन-तीन लक्षणे असतील तर खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत. शेवटची, म्हणजे परसबाग, वेळ आणि पैसा दोन्ही मागते. पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात, म्हणून ती सर्वांत खाली ठेवली आहे.

१. वही: भाव वाढला की वापर?

पंधरा दिवस एक वही ठेवा. डाव्या पानावर आणलेली वस्तू, वजन आणि किंमत. उजव्या पानावर टाकलेली वस्तू आणि टाकायचे कारण: नासली, कीड लागली, उरली. सगळा हिशेब नको. तांदूळ, तेल, नारळ, कांदा-टोमॅटो आणि मासळी एवढ्या पाचच गोष्टी लिहिल्या तरी चित्र दिसते.

मग गेल्या महिन्याशी ताळा घाला. समजा, गेल्या महिन्यात १५० रुपये लिटरने ४ लिटर तेल आणले, ६०० रुपये झाले. या महिन्यात १६० रुपयांनी ५ लिटर, म्हणजे ८००. वाढ २०० रुपयांची. त्यातले भावामुळे वाढले ४ लिटरवर १० रुपये, म्हणजे ४०. बाकीचे १६० एका जादा लिटरचे आहेत. बोलताना मात्र घरात सगळा दोष ‘तेल महागले’ यावर जातो. हा ताळा पाचही वस्तूंचा एकदा घातला की पुढची कोणती तपासणी आपल्याला लागू आहे ते कळते. वापर तेवढाच असून फक्त भाव वाढला असेल तर साठवणीचे डबे धुंडाळण्यात अर्थ नाही, सरळ सहाव्या मुद्द्यावर जा.

२. माप आणि पाकीट

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. १ लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरते. आता दुकानात ७५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही दिसतात आणि त्या १ लिटरच्या शेजारीच मांडलेल्या असतात. आकार जवळपास सारखा, किंमत थोडी कमी, म्हणून हात तिकडे जातो. पाकिटावर एका ग्रॅमची, किलोची किंवा लिटरची किंमत छापलेली असते. एमआरपीकडे न पाहता तो बारीक आकडा पाहा. बिस्किटे, साबण, चहापूड या सगळ्यांत किंमत तीच ठेवून वजन उतरवलेले असते, ते इथेच पकडता येते.

घरात साधा वजनकाटा असेल तर तोही तपासा. मिठाची न फोडलेली १ किलोची पिशवी त्यावर ठेवा. पिशवीच्या वजनाचे काही ग्रॅम जास्त दाखवायला हवेत. त्याहून बरेच कमी-जास्त दाखवत असेल तर काटा बदलेपर्यंत त्यावर विसंबू नका.

आपल्या बाजारात भाजी आणि मासळी वाट्यानेही विकली जाते. वाटा घेऊ नये असे नाही, पण तीन-चार वेळा घरी आणून तोलून पाहा, म्हणजे नजर बसते. मासळीचा हिशेब साफ केल्यानंतरच्या वजनावर करा. सुंगटे (कोळंबी) डोकी-साली काढल्यावर साधारण निम्मी उरतात, आणि तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) वजनाचा बहुतेक भाग कवचाचाच असतो. किलोला स्वस्त वाटलेली मासळी ताटात आल्यावर महाग पडते ती यामुळे.

विक्रेत्याच्या काट्यात सातत्याने तूट आढळली तर बाजारात भांडत बसू नका. काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का ते पाहा, वस्तू, वजन, तारीख लिहून ठेवा आणि वजन-माप खात्याकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार द्या. काटा उघडून बघण्याचा अधिकार त्यांचा आहे, आपला नाही.

३. कुठे घेता आणि कोणत्या दिवशी

गोव्यात येणारी बरीचशी भाजी बेळगावहून चोर्ला आणि अनमोडच्या घाटांतून येते. तिकडे पाऊस लागून राहिला किंवा घाटात दरड कोसळली की दोन दिवसांत इथे टोमॅटो, कोबी, फ्लॉवर चढतात. गावठी भाजी मात्र या वाटेने येत नाही. म्हणून खरेदीचे दोन भाग करा. कांदा, बटाटा, टोमॅटो यांसारखी घाटावरची भाजी गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरून घ्यावी. तिथले भाव सरकारी सवलतीने बाजारापेक्षा कमी ठेवलेले असतात आणि फळ्यावर लिहिलेले असतात. सकाळीच जा, दुपारनंतर निवडून टाकलेला माल उरतो. तांबडी भाजी, भेंडी, दोडकी, काकडी, वाल ही गावठी भाजी आठवड्याच्या बाजारात घ्यावी: म्हापशाचा शुक्रवार, डिचोलीचा बुधवार, बाणस्तारीचा गुरुवार. बाजार उठायच्या आधीच्या तासाभरात पालेभाजीचा भाव उतरतो. पण ती भाजी त्याच रात्री शिजवायची असेल तरच घ्या.

मासळीचे वेळापत्रक ठरलेले आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या ६१ दिवसांत ताजी मासळी थोडी आणि महाग असते. या काळात रोज बाजारात जाऊन चढ्या भावाने मासळी घेणे ही बिलातली मोठी गळती आहे. पूर्वीची माणसे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची ते याचसाठी: सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोलां (आमसुले), चिंच, मिरच्या, अळसांदे, कुळीथ, कांद्याच्या माळा. ते आजही स्वस्तच पडते. अट एवढीच, की चतुर्थीपर्यंत संपेल तेवढेच भरावे. त्याहून जास्त भरलेले बहुधा कीड खाते.

चतुर्थीच्या आधीचा आठवडा नारळ, फळे आणि भाजी यांच्यासाठी सगळ्यांत महाग. यातला नारळ आधी घेऊन ठेवता येतो, त्याचे पुढे सांगतो.

४. नारळ

हुमण, तोणाक, खतखते, सोलकढी: आपल्या स्वयंपाकात रोज नारळ फुटतो. त्यामुळे नारळ महागला की अख्खे बिल वर जाते. इथे वाचवलेला प्रत्येक अर्धा नारळ महिन्याच्या शेवटी दिसतो, म्हणून ही तपासणी स्वतंत्र दिली आहे.

निवडताना नारळ कानाजवळ हलवा. पाण्याचा आवाज स्वच्छ यायला हवा. आवाज येत नसेल तर पाणी झिरपून गेले असेल आणि आत खवट असण्याची शक्यता आहे. डोळ्यांवरून बोट फिरवा. ओलसर किंवा मऊ लागले तर घेऊ नका, कारण बुरशी शिरते ती त्या मऊ डोळ्यातून. म्हणूनच सोललेल्या नारळाची शेंडी घरी आल्या आल्या काढायची नसते, ती डोळे झाकून ठेवते. न सोललेला नारळ कोरड्या सावलीत दोन महिने सहज राहतो, सोललेला तीन-चार आठवडे. चतुर्थीचे नारळ महिनाभर आधी सोडणासह घ्यावेत ते यासाठी.

फोडल्यावर अर्धी कवड उघडी ठेवणे हेच खोबरे आंबण्याचे मुख्य कारण. दुसरे कारण म्हणजे मोठा डबाभर किसून रोज तोच डबा उघडणे: प्रत्येक वेळी ओला चमचा आत जातो. त्याऐवजी तीन-चार नारळ एकदम किसा, एका वेळच्या वाटणाएवढे खोबरे छोट्या पिशवीत भरा, हाताने दाबून चपटे करा, हवा काढा आणि फ्रीझरमध्ये एकावर एक रचा. चपटे असल्यामुळे दहा मिनिटांत सुटते आणि पूर्ण गोळा वितळवावा लागत नाही. महिनाभर चवीत फरक पडत नाही. एकदा सुटलेले पुन्हा गोठवू नका.

रस काढताना पहिल्या वाटणात कोमट पाणी घाला, थंड पाण्याने तेलकट भाग चोथ्यातच राहतो. पहिला जाड रस शेवटी घालायला, दुसरा-तिसरा शिजवायला. उरलेला चोथा तव्यावर मंद आचेवर कोरडा करून सुक्या चटणीत किंवा भाजीत जातो.

५. साठवण: नुकसान इथे होते

साठवणीतल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ओल असते. धान्यातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते टिकते. १४ च्या वर गेली की बुरशी आणि कीड दोघांनाही फावते. जुलैत आपल्या हवेत एवढी ओल असते की उघडे कोरडे धान्य ती आपोआप शोषून घेते. म्हणून डबा कोणता आणि त्यात धान्य कोणत्या अवस्थेत भरले, या दोनच गोष्टींवर सगळे ठरते.

*तांदूळ.* मूठभर तांदूळ पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात दहा मिनिटे ठेवा. टोके असतील तर उष्णतेने बाहेर येऊन चालू लागतात. चाळणीखाली पांढरी पूड पडली तर कीड आतून पोखरते आहे. सुरुवातच असेल तर तांदूळ चाळून, उन्हात तीन-चार तास घालून वापरता येतो. भोके पडलेले दाणे मुठीत जास्त दिसू लागले तर तो तांदूळ आधी संपवा, नव्यात मिसळू नका. नव्या पोत्यात कीड जाते ती जुन्या डब्यातल्या तळाच्या मूठभर तांदळातून. डबा रिकामा झाला की धुवून, पूर्ण उन्हात वाळवूनच पुन्हा भरायचा.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे उन्हातून आणलेले गरम धान्य तसेच डब्यात भरणे. रात्री ते थंड होते, झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि वरचा थर बुरसटतो. संध्याकाळी घरात पसरून हाताला पूर्ण थंड लागले की मगच भरा. डबा काठोकाठ भरा, रिकामी जागा राहिली की तेवढी हवा आत राहते. जमिनीवर नको, फळीवर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटे दूर. पावसात जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत ओल धरते आणि टेकवलेल्या डब्याची तीच बाजू आधी खराब होते. उकडा तांदूळ कडक असल्यामुळे त्याला टोके कमी लागतात, पण ओल तोही धरतो.

*अळसांदे, मूग, चणे.* अख्ख्या कडधान्यावर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी आहेत. भोक पडायच्या आधीचे हे चिन्ह बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एक किलो कडधान्याला ५ मिलीलिटर, म्हणजे एक छोटा चमचा, खाद्यतेल घेऊन प्रत्येक दाण्याला लागेल असे चोळा. तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात आणि नव्या भुंग्यांना अंडी घालता येत नाहीत.

*रवा, बेसन, मैदा.* दुकानातून येतानाच यांत अंडी असू शकतात. पाकीट न फोडता चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ आत थिजून पीठ ओले होते. तमालपत्र, कडुलिंबाचा पाला यांनी कीड थोडी लांब राहते, लागलेली मरत नाही.

*कांदा-बटाटा.* एकत्र ठेवू नका, दोघेही लवकर जातात. कांद्याच्या माळा वाऱ्याच्या जागी टांगा, पण पावसाळ्यात बाल्कनीत नको, तिथे तुषार येतात. आठवड्यातून एकदा माळ हाताने चाचपा आणि मऊ कांदा काढून टाका, त्याची सड शेजारच्याला लागते. बटाटा अंधारात. हिरवा पडलेला भाग खोलवर कापून टाका, कडू लागला तर पूर्ण बटाटा टाका.

*मिरची, सोलां, सुकी मासळी.* मिरची हलवल्यावर आत बी खुळखुळले आणि देठ कटकन मोडला की ती भरण्याजोगी झाली. सोलां आंबट आणि खारट असल्यामुळे पत्र्याच्या डब्यात गंज धरतात, काचेची किंवा चिनीमातीची बरणी हवी. सुक्या मासळीला पावसात ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर काढा. लालसर झाक आणि चिकटपणा आला असेल तर धुवून खायचा मोह टाळा.

दोन ठिकाणी अजिबात काटकसर करू नका. बुरशी लागलेले शेंगदाणे, सुके खोबरे आणि मिरच्या सरळ फेकून द्या. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृतावर परिणाम करते आणि भाजून, तळून, शिजवून नाहीसे होत नाही. दुसरे म्हणजे, गोदामात धान्याला लावतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी कितीही आग्रहाने दिल्या तरी घरात आणू नका. ओलसर हवेत त्यांतून सुटणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि त्यावर उतारा नाही. घरात धान्याचा मोठा साठा असेल आणि कीड आवरत नसेल तर परवानाधारक कीटकनियंत्रण करणाऱ्याला बोलवा.

फ्रीज

फ्रीज नीट थंड होत नसेल तर वरची निम्मी मेहनत वाया जाते. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या. सकाळी ४ ते ५ अंश दिसायला हवेत. ८-१० दिसले तर दूध, मासळी, खोबरे लवकर जाणारच.

आता दाराचे रबर. दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. अडकून राहिली तर रबर ठीक. सहज निघाली तर त्या जागी बाहेरची ओली हवा आत शिरते आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, खाचेतली काळी बुरशी काढा आणि पुन्हा पाहा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. नाही झाले तर त्याच मॉडेलचे रबर बदलून घ्या. फ्रीझरमध्ये बोटाच्या निम्म्या जाडीचा बर्फ झाला की फ्रीज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका: बर्फाच्या मागे गॅसची नळी असते, तिला भोक पडले की खर्च हजारांत जातो.

इथून पुढे तंत्रज्ञच हवा: कॉम्प्रेसर थांबतच नाही, मागे नळ्यांवर तेलकट डाग दिसतो किंवा फ्रीज चालू असूनही थंड होत नाही. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६००ए हा पेट घेणारा गॅस असतो, त्यामुळे नळीशी खेळ नको. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बोर्डावरचा स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने अर्थिंगच्या तारा गंजतात.

६. भाव चढला की वस्तू बदला

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी पार गेला, डिसेंबर २०१९ मध्ये कांदा. असे पुन्हा होणार. आपल्या पारंपरिक जेवणाला टोमॅटोची गरज फार थोडी आहे, आंबटपणासाठी सोलां, चिंच, बिंबले, आंबाडे, करमले एवढी माणसे दारात उभी आहेत. हुमणाला सोलां पाच-सहा पाकळ्या पुरतात. बिंबले पावसाआधी मीठ लावून वाळवली की वर्षभर टिकतात. मासळीबंदीच्या काळात अळसांद्यांचे तोणाक, कुळथाचे सांबारे, मुगाची गाठी यांनी प्रथिनांची बाजू भरून निघते. कडधान्य रात्री भिजत घातले तर गॅसही वाचतो. कुकरच्या झाकणाच्या कडेने वाफ निसटत असेल तर गॅस्केट तपासा, ते स्वस्तात बदलता येते.

रानभाज्या पावसात मोफत मिळतात: तायकिळो, फागलां, आकूर, कुड्डूक. कोवळा पाला तेवढाच घ्यायचा. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा नको. अळू-तेरे घशाला खाजले तर ते कमी शिजले आहे किंवा आंबट कमी पडले आहे. ओळखीची नसलेली भाजी आधी बाजारात बसणाऱ्या बायकांकडून एक-दोनदा विकत घ्या, पान-देठ नीट पाहून घ्या, मगच स्वतः खुडा. रानातली अळमी (भूछत्रे) मात्र स्वतः ओळखून कधीही खाऊ नका. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत थांबू नका, उरलेली अळमी पिशवीत घेऊन थेट इस्पितळात जा. विषारी अळम्यांत काही वेळा मधेच बरे वाटते आणि यकृताला इजा नंतर होते.

७. परसू

पहिल्या वर्षी ग्रोबॅग, माती, शेणखत यांचा खर्च भाजीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून सुरुवात अशा झाडांपासून करा जी एकदा लावली की वर्षानुवर्षे देतात आणि जवळपास काही मागत नाहीत. कढीपत्ता. मोरीच्या पाण्यावर अळू. कुंपणावर वालची भाजी, म्हणजे मायाळू. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाडीची शेवग्याची तीन-चार फुटी फांदी, पाणी साचणार नाही अशा जागी. घाटावरचा महाग माल पिकवण्याच्या मागे लागण्यापेक्षा ही चार झाडे बिलाला जास्त मदत करतात.

पुढची पायरी तांबडी भाजी. एक चौरस मीटर वाफ्याला दोन ग्रॅम बी पुरे. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेका, म्हणजे एकाच जागी पडत नाही. २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. दर दहा दिवसांनी नवा वाफा पेरला तर खंड पडत नाही. पावसाचा जोर असताना पेरू नका, बी वाहून जाते. पाऊस ओसरल्यावर वायंगणाच्या दिवसांत तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वाल हे सगळे चांगले येते. जूनमध्ये दोडकी, काकडी, भेंडी. वेलांना माटव हवाच, जमिनीवर पसरलेली काकडी मातीला टेकून कुजते.

बी उगवते पण झाड पिवळे राहते, वाढत नाही, अशी तक्रार आपल्याकडे फार. इथली लाल जांभ्याची माती आम्लधर्मी असते. पावसाने चुना धुवून जातो आणि घातलेले खत झाडाला मिळत नाही. शेणखत वाढवून ही अडचण सुटत नाही, कळीचा चुना किंवा डोलोमाइट लागते. किती, ते अंदाजाने घालू नका. जास्त झाला तर लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात माती तपासून कशी घेतात ते विचारा. ग्रोबॅगसाठी माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा समान भाग घ्या, आणि तळाला किमान सहा भोके हवीत. पावसात कुंडीतली झाडे मरतात ती तहानेने नव्हे, मुळे बुडून.

आता उभ्याने कोमेजणारा टोमॅटो. पाने हिरवी असताना झाड दोन दिवसांत मान टाकते, पाणी घातले तरी उठत नाही. जमिनीलगतचे खोड तिरके कापा आणि कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टोक बुडेल असा धरा. पाच-दहा मिनिटांत खोडातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तो जीवाणूजन्य मर रोग आहे. दमट, आम्लधर्मी मातीत तो पक्का मुक्काम करतो. त्यावर फवारणी चालत नाही. झाड मुळासकट काढून जाळा, कंपोस्टात टाकू नका. कुंडीची माती फेका आणि त्या वाफ्यात तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका. तिथे अळसांदे किंवा तांबडी भाजी चालते. दुधाळ धागे आले नाहीत तर बहुधा मुळे कुजली आहेत, आधी निचरा पाहा. वाफ्यावाफ्यांत हा रोग पसरत असेल तर औषधांच्या दुकानात न जाता जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत नमुना घेऊन जा आणि रोगप्रतिकारक वाणाची चौकशी करा.

दारात माड असेल तर नारळ पाडायला पाडेलीच बोलवा. मजुरी वाचवण्यासाठी पावसात माडावर चढणे किंवा विजेच्या तारेजवळ लोखंडी काठी चालवणे जिवावर बेतते.

इतके करूनही बिल उतरत नसेल

दोन महिने वही ठेवली, नासाडीचे पान जवळपास कोरे झाले आणि तरीही पैसे पुरत नाहीत, तर घरात आणखी काटू नका. पोटाला चिमटा घेऊन हा खड्डा भरत नाही. मग हा उत्पन्नाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी असलेल्या गोष्टी मागून घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ई-केवायसी राहिली म्हणून नाव गळलेले असू शकते, ते तालुक्याच्या नागरी पुरवठा कार्यालयात तपासा. महागाईचा भार हलका करण्यासाठीच २०१२ मध्ये सुरू झालेल्या गृह आधार योजनेतून पात्र गृहिणींना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज महिला व बाल विकास खात्याकडे करायचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती सोबत न्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.